लॅटिनमधून मराठीत, वाडीतून शहरात : वसईच्या ख्रिस्ती जीवनातील स्थित्यंतरे

ख्रिस्ती श्रद्धा आणि ती ज्या समाजात नांदते त्या समाजाच्या चालीरीती यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न आधुनिक काळाने उभा केलेला नसून तो ख्रिस्ती धर्माच्या जन्माइतकाच जुना आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथे भरलेल्या एका सभेची हकिगत आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. पुढे पौल आणि बर्णबा यांच्या प्रचारामुळे यहुदी नसलेले लोकही या मार्गाला लागले, तेव्हा त्यांनी आधी सुंता करून घेऊन मोशेचे नियमशास्त्र पाळावे की नाही, यावरून मोठा वाद झाला, आणि इसवी सन ५० च्या सुमारास भरलेल्या त्या सभेने काही मोजकी पथ्ये वगळता हे ओझे नव्यांच्या मानेवर ठेवू नये असा निर्णय दिला. ख्रिस्ताचे होण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागत नाही, हे तत्त्व त्या दिवशी ठरले खरे. परंतु व्यवहारात ते प्रत्येक देशाला आणि प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागले, कारण श्रद्धा कोणती आणि तिने पांघरलेले वस्त्र कोणते, हे त्या घरात वाढलेल्या माणसाला सहसा वेगळे दिसत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा जुना आणि सलग इतिहास पाहायचा असेल तर वसईकडे वळावे लागते. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने तेथील किल्ला जिंकून घेतला, तोपर्यंतच्या दोनशेहून अधिक वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी संघांच्या, म्हणजे व्रतस्थ धर्मगुरूंच्या संस्थांच्या, प्रयत्नांतून येथे ख्रिस्ती वस्ती वाढत गेली. या धर्मांतरांत सत्तेचा धाक, सवलतींचे आमिष आणि देवळांचा विध्वंस या गोष्टी होत्या, आणि त्या नाकारून वसईच्या ख्रिस्ती जीवनाविषयी प्रामाणिकपणे काही लिहिता येत नाही. त्याच मातीत श्रद्धेपायी प्राण देणारी माणसेही निपजली, हेही तितकेच खरे: वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे आपल्या साथीदारांसह क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले.

वसईच्या ख्रिस्ती लोकांची खरी कसोटी मात्र पोर्तुगीज सत्तेखाली नव्हे, तर ती सत्ता गेल्यानंतर लागली. ज्यांनी धर्म आणला त्यांची राजवट संपली, युरोपीय धर्मगुरू मोठ्या संख्येने निघून गेले, मठ ओस पडले आणि किल्ल्यातील भव्य चर्चवास्तूंच्या भिंतींवर वड-पिंपळ उगवले. तरीही आसपासच्या वाड्यांमधील शेतकरी आणि किनाऱ्यावरील कोळी यांतील अनेक कुटुंबे ख्रिस्तीच राहिली. गोव्याहून येणाऱ्या मोजक्या धर्मगुरूंनी संस्कारांची सोय केली असली तरी श्रद्धा प्रत्यक्षात जपली गेली ती संध्याकाळी घरोघर म्हटल्या जाणाऱ्या तेर्समध्ये. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि तसेच ‘नाताळ’ व ‘पाद्री’ हे शब्दही, ज्यांचे परकेपण आज कोणत्याही मराठी माणसाच्या ध्यानात येत नाही. राजाश्रयाने आलेला धर्म राजाश्रयावाचून पिढ्यानपिढ्या टिकला, यातच तो लोकांनी आपलासा केल्याचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

आपलासा करताना लोकांनी जे जुने होते ते फारसे टाकले नाही. आडनावे डाबरे, लोपीस, परेरा, मच्याडो अशी झाली, पण बायकांच्या अंगावरचे लुगडे राहिले; उत्तर वसईतील सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, त्यांची कादोडी बोली आणि दक्षिणेकडील वाडवळ ख्रिस्ती लोकांची वाडवळी बोली या दोन्ही मराठीच्याच लेकी राहिल्या. मुंबई, साष्टी आणि वसईच्या पट्ट्यातील जे ख्रिस्ती पुढे स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागले, आणि ज्यांच्या संघटनेची स्थापना १८८७ मध्ये झाली, त्यांच्या लग्नात विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी अजून होतो, आणि पावसाळा सरता सरता भाताची पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घेण्याचा ‘आगेरा’ हा सणही होतो. पाणी, धान्य, लग्नगाणी आणि नात्यागोत्याचे मानपान हे सारे त्या मातीचे होते. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांतील दैवताचे नाव बदलले आणि कृतज्ञतेची दिशा ठरवून दिली. जुने जे टिकले त्यात जातही होती, याचा उल्लेख टाळता येणार नाही. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या समूहांमध्ये बेटीव्यवहार मात्र दीर्घकाळ जातीच्या कुंपणातच राहिला, आणि संस्कृती जपणे म्हणजे तिच्यातील सगळेच जपणे नव्हे, हे शिकायला या समाजाला फार उशीर लागला.

लोकजीवनात हे मिश्रण आपोआप घडत होते, परंतु ते जाणीवपूर्वक, विद्वत्तेने आणि काव्याच्या पातळीवर घडवून आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि त्याने सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले, जे १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. बायबलची कथा सांगण्यासाठी त्याने पुराण हा प्रकार निवडला, संतकवींच्या परंपरेतील ओवी निवडली, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरायला तो कचरला नाही. पण बाप्तिस्म्यासारख्या ज्या गोष्टींना येथील भाषेत जोड नव्हती तेथे त्याने परकी संज्ञाच कायम ठेवली. हा निवाडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. जेथे मराठी शब्द श्रद्धेचा भार पेलू शकतो असे त्याला वाटले तेथे त्याने तो निःशंकपणे घेतला, आणि जेथे जुना अर्थ नव्या अर्थाला गिळून टाकील अशी भीती वाटली तेथे तो थांबला. त्याच्या नंतरच्या गोव्यात मात्र वारे उलटे फिरले. १६८४ मध्ये सरकारी फर्मानाने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज वापरण्याची सक्ती झाली, आणि १५६० पासून असलेल्या धर्मन्यायासनाने, म्हणजे श्रद्धेतील भेसळ शोधून शिक्षा करणाऱ्या न्यायालयाने, नवख्रिस्ती लोकांच्या साध्या घरगुती रूढींवरही बंदी घातली. एकाच शतकात, एकाच धर्माच्या नावाने, संस्कृतीविषयीच्या इतक्या विरुद्ध भूमिका घेतल्या गेल्या.

पुढे एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या कार्यातून जे मराठी ख्रिस्ती पुढे आले, त्यांच्यापुढे हाच पेच निराळ्या रूपात उभा राहिला, कारण येथे धर्मांतर हा एकेका व्यक्तीचा निर्णय होता आणि त्याची किंमत बहुधा घर, जात आणि गाव अशी होती. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु इंग्रजी चर्चचे सारे संकेत त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाहीत; क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नसावीत, असा प्रश्न त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींना पत्रातून विचारला, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर पूर्ण केले, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन हे वारकऱ्यांचे प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी कल्पना होती. संस्थात्मक चर्चला हे पचणे कठीण होते. तथापि आज मराठी चर्चमध्ये गायली जाणारी कितीतरी गीते टिळकांची आहेत आणि विदेशी चालींवर बेतलेली पदे त्यांच्यापुढे फिकी पडली, यावरून लोकांनी कोणाच्या बाजूने कौल दिला हे उघड होते.

कॅथलिकांच्या बाबतीत अधिकृत बदल फार उशिरा, पण एकदम आला. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. परिषद म्हणजे पोपच्या अध्यक्षतेखाली जगभरातील बिशपांची सभा. या परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज मान्य केला आणि लोकभाषांमधून उपासना करण्याची वाट मोकळी केली. तोपर्यंत वसईतील मिस्सा, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारा मुख्य उपासनाविधी, लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहत आणि न समजणाऱ्या भाषेतील तो विधी चालू असताना भाविक आपापली जपमाळ ओढत. आता धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मराठीत बोलू लागले, भाविकांकडून प्रतिसादाची अपेक्षा होऊ लागली, आणि बायबल ही केवळ ऐकण्याची नव्हे तर घरी वाचण्याची वस्तू झाली. ज्या समाजाने शतकानुशतके बोलीत संसार केला आणि लॅटिनमध्ये प्रार्थना ऐकली, त्याच्यासाठी ही उलथापालथ राज्य बदलण्याइतकी मोठी होती. लॅटिनच्या गूढ नादात काहींना जी भीतियुक्त भक्ती वाटे ती हरपली, अशी हळहळ त्या पिढीतील अनेकांनी व्यक्त केली, आणि तिला केवळ जुनाटपणा म्हणून धुडकावणे योग्य नाही. पण मिळाले ते गमावलेल्यापेक्षा निश्चितच मोठे होते. ‘धर्मग्राम’, ‘धर्मप्रांत’, ‘प्रापंचिक’ हे शब्द, ज्यांतून अनुक्रमे चर्चचा स्थानिक परिसर, बिशपाच्या अधिकाराचे क्षेत्र आणि धर्मगुरू नसलेले सामान्य भाविक सूचित होतात, याच मराठीकरणाच्या ओघात रूढ झाले.

भारतीय बिशपांच्या विनंतीवरून १९६९ मध्ये रोमने बारा मुद्द्यांना संमती दिली, ज्यांमुळे पादत्राणे काढून जमिनीवर मांडी घालून बसणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती आणि अंगवस्त्र यांना कॅथलिक उपासनेत जागा मिळाली. यामागील तत्त्वाला ‘संस्कृती-समावेशन’ म्हणता येईल: श्रद्धेने समाजात उपरे म्हणून न राहता त्याच्या भाषेत, हावभावांत आणि प्रतीकांत मूळ धरावे. तत्त्व उदात्त होते. मात्र या बारा मुद्द्यांत भारतीय म्हणून जे निवडले गेले ते प्रामुख्याने मंदिराचे आणि त्यातही उच्चवर्णीय मंदिराचे होते. भारतातील ख्रिस्ती लोकांत दलितांचे प्रमाण फार मोठे आहे. महाराष्ट्रात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या परिसरात महार आणि मांग समाजांतून जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, त्यांना ज्या गाभाऱ्यात कधी पाऊल ठेवू दिले गेले नव्हते त्याच गाभाऱ्याची समई आता ‘आपली संस्कृती’ म्हणून त्यांच्यापुढे ठेवली जात होती. जालन्यात जन्मलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानातून जी मांडणी केली, आणि जिच्यातून पुढे दलित ईश्वरविद्या ही अभ्यासशाखा उभी राहिली, तिचा गाभा हाच होता की भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी परंपरेशी संवाद करण्यात गुंतले आणि आपल्याच बाकांवर बसलेल्या माणसांचे दुःख त्याने विषय म्हणून घेतलेच नाही. ही टीका अचूक होती आणि तिचे पुरेसे उत्तर अजून दिले गेलेले नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, परंतु दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. शासनाच्या लेखी ते दलित नाहीत आणि गावाच्या लेखी ते दलितच आहेत, अशा कोंडीत त्यांना आपली श्रद्धा जगावी लागते.

वसईपुढील आजचा बदल याहून वेगळ्या जातीचा आहे, कारण तो भाषेचा किंवा विधीचा नसून जमिनीचा आहे. वसईच्या वाड्यांमधील केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला मुंबईच्या बाजारात जात असे, आणि या शेतीचा आधार होती ती बावखले, म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवणारी वाडीतील तळी. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मुंबईची वाढ उत्तरेकडे सरकली, तशी जमिनींच्या किमती चढल्या, टँकरने पाणी उपसले जाऊ लागले, बावखले बुजू लागली आणि धाकदपटशाने जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख नोंदली गेली.

या पडझडीच्या काळात वसईच्या ख्रिस्ती समाजातून जो प्रतिसाद उमटला, तो श्रद्धा जगणे म्हणजे काय याचे गेल्या अर्धशतकातील महाराष्ट्रातले बहुधा सर्वांत ठळक उदाहरण आहे. नंदाखाल येथे जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादक होते, आणि त्यांनी या मासिकाला केवळ चर्चच्या बातम्यांचे पत्रक राहू न देता मराठी समाजाशी बोलणारे व्यासपीठ बनवले. त्याच सुमारास हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी केले. पाणी, झाडे आणि शेतकऱ्याची जमीन वाचवणे हे राजकारण आहे, धर्मगुरूचे काम नव्हे, अशी टीका झाली तेव्हा त्यांची भूमिका स्पष्ट होती की सृष्टी ही देवाची निर्मिती असेल तर तिच्या लुटीविरुद्ध उभे राहणे हा उपासनेचाच भाग ठरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावरील आपले परिपत्रक काढून हा विचार जगभरच्या कॅथलिकांसमोर अधिकृतपणे मांडला, त्याच्या किती तरी आधी वसईतील हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती शेतकरी त्याच कारणासाठी एकत्र मोर्चे काढीत होते. या लढ्यातून शहरीकरण थांबले नाही. परंतु धर्मश्रद्धेने कोणाच्या शेजारी उभे राहावे, हे एका संपूर्ण पिढीला दिसले.

दिब्रिटो यांनी बायबलचा ‘सुबोध बायबल’ हा अनुवाद केला आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूने हे पद भूषवू नये असा विरोधही काही मंडळींनी केला. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर आहे, ही गोष्टही येथे नोंदवायला हवी. शेजाऱ्याच्या भक्तीचा असा खोल अभ्यास करण्यासाठी आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही, हे या दोघांच्या जीवनातून दिसते. उलट जो आपल्या श्रद्धेत पाय रोवून उभा आहे तोच निर्धास्तपणे दुसऱ्याच्या अंगणात जाऊ शकतो.

आता वसईतील तरुण पिढी इंग्रजी शाळांत शिकते, लोकलने मुंबईत नोकरीला जाते आणि तिच्यातील काही जण आखाती देशांत किंवा पाश्चात्त्य देशांत स्थायिक होतात. कादोडी आणि वाडवळी बोली आजी-आजोबांशी बोलण्यापुरत्या उरत चालल्या आहेत, आणि ज्या मराठी मिस्सेसाठी इतकी वाट पाहिली गेली तिच्याऐवजी इंग्रजी मिस्सेला जाणारी कुटुंबे वाढत आहेत. शहरी भागातील धर्मग्रामांत केरळ, गोवा, मंगळूर आणि उत्तर भारतातून आलेले ख्रिस्ती स्थायिक झाले असून त्यांच्यासाठी इतर भाषांमधूनही उपासना करावी लागते. या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहण्याचा मोह होतो, आणि बोलींच्या बाबतीत तो ऱ्हास आहेच, कारण बोलीबरोबर लग्नगाणी, म्हणी आणि प्रार्थनेचा एक घरगुती सूर कायमचा नाहीसा होतो व तो कोणत्याही संग्रहालयात पुन्हा जिवंत करता येत नाही. पण ज्या वसईकरांच्या पूर्वजांनी परक्या सत्तेची प्रार्थना आपली करून घेतली, त्यांच्या वंशजांना आता शेजारच्या बाकावर बसलेल्या परप्रांतीयाला आपले मानायचे आहे, आणि यरुशलेमच्या सभेपुढे जो प्रश्न होता तोच येथे उलट बाजूने उभा आहे: नव्याने आलेल्यांनी आपल्यात बसण्यासाठी आधी आपल्यासारखे व्हायला हवे काय?

आगेऱ्याचा सण आजही होतो. मुंबईतील ज्या गावठाणांभोवतीची भातशेते इमारतींखाली गेली, तेथेही ऑक्टोबरमध्ये भाविक लुगडी नेसून, वाजतगाजत, बाहेरून मागवलेली भाताची कणसे चर्चमध्ये नेतात. धर्मगुरू त्यांवर आशीर्वाद उच्चारतात, आणि एकेक लोंबी घरी नेऊन वर्षभर क्रुसाजवळ ठेवली जाते.